ब्रेकबाईंचं जड स्टिअरिंग

वळणावर स्टिअरिंग फिरलंच नाही.

"वळवा! अहो, वळवा ना!" ब्रेकबाई ओरडल्या.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या शिवणताईंनी दोन्ही हातांनी जोर लावला. स्टिअरिंग इंचभर सरकलं आणि अडलं. गाडी वळायची सोडून नाकासमोर बसथांब्याकडे निघाली. थांब्यावर पाच-सहा माणसं उभी होती. बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि ती तशीच राहिली. ब्रेकबाईंचा पाय तोवर आपल्या बाजूच्या ब्रेकवर गेला होता. गाडी गचका देऊन थांबली तेव्हा बंपर आणि बाक यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. थांब्यावरच्या लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या, बस आली, ते चढले आणि गेले. शिवणताईंचे हात मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात. बोटं पांढरीफटक पडली होती.

अशा वेळी बाईंनी धीर द्यायला हवा होता. पण त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं आणि घाबरलेलं माणूस बहुधा ओरडतं. "हातांत जीव आहे की नाही तुमच्या? फिरवायचं सोडून नुसतं धरून काय बसलात? आज माणूस गेला असता!"

"माझंच चुकलं," शिवणताई म्हणाल्या. त्या खाली उतरल्या, पर्स छातीशी धरून फुटपाथवर उभ्या राहिल्या. "मला नाही जमायचं, बाई. घरी सगळे सांगतच होते." आणि मागे वळून न बघता चालायला लागल्या.

बाई चडफडत ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसल्या. गाडी मागे घ्यायला त्यांनी स्टिअरिंग फिरवायला घेतलं. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. खांद्यातून जोर लावला तेव्हा कुठे ते कुरकुरत हललं. त्यांनी धडपडत दार उघडलं, पण शिवणताई तोवर कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या होत्या.

बाई गेली सोळा वर्षं लोकांना गाडी शिकवत होत्या. त्याआधी त्यांनी स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. गाडीचं वेड होतं ते यजमानांना. ते बस चालवायचे, अठ्ठावीस वर्षं एका मार्गावर चालवली आणि गल्लीत त्यांना लहानथोर सगळे काका म्हणायचे. मग काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली. आधी बस सुटली, मग सायकल, आणि शेवटी समोरच्या माणसाचा चेहरा. नजर पुरती जायच्या आधी एका रविवारी त्यांनी बायकोला जुन्या गाडीत बसवलं आणि म्हणाले, "मला जे येतं ते आत्ता घे. पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी आरसा बघू शकणार नाही." तेव्हा बाई एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. त्या शिकल्या, परवाना काढला, शिकवायचा परवाना काढला, आणि घराच्या बाल्कनीला पाटी टांगली.

त्यांच्याकडे येत त्या बहुतेक बायकाच, चाळिशी-पन्नाशीच्या, कुणीतरी कधीतरी 'तुला जमणार नाही' असं ऐकवलेल्या. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो दुसरा ब्रेक असतो त्याच्यावर बाईंचा पाय सदा तयार, म्हणून कुणा विद्यार्थिनीने त्यांना ब्रेकबाई म्हटलं आणि ते चिकटलं. तोंडाने त्या फटकळ होत्या. पण सोळा वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाला धक्का मारला नव्हता, आणि याचा त्यांना आतून फार अभिमान होता.

शिवणताई समोरच्या रस्त्यावर कपडे शिवायच्या. वय सेहेचाळीस. मोठ्या दिरांनी, जावेने, खुद्द मुलीनेही 'आता या वयात कशाला' म्हणून झालं होतं. त्या कुणाला न जुमानता आल्या होत्या. आणि बाईंनी त्यांना चारचौघांत हातांत जीव नसल्याचं सुनावलं होतं.

दुपारी बाईंनी फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी त्या दुकानापाशी गेल्या. शिवणताईंनी मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "तुमचा काही दोष नाही, बाई. माझेच हात गोठले."

"अहो, तसं नाहीये. स्टिअरिंगच जड झालं होतं. मी स्वतः बघितलं."

"माझं मन राखायला सांगताय."

बाई परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला त्या गाडी घेऊन शोरूममध्ये हजर होत्या. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी संपायला सोळा दिवस उरले होते.

शोरूमची पुढची बाजू सगळी काचेची होती. आत गुळगुळीत फरशीवर नव्या गाड्या उभ्या, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. सर्व्हिसचं काउंटर मागच्या बाजूला होतं, तिथे फरशी साधी होती आणि खुर्च्याही. काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईने सगळं शांतपणे ऐकलं आणि जॉब कार्डवर तीन शब्द लिहिले : स्टिअरिंग जड लागते.

"लागते नाही, होते," ब्रेकबाई म्हणाल्या. "मधेच. गाडी चालू असताना."

"कंप्युटरवर लावून बघतील ना, मॅडम. काही असलं तर लगेच सापडेल."

दोन दिवसांनी गाडी धुऊनपुसून परत मिळाली. कार्डावर शिक्का होता : दोष आढळला नाही. गाडी चालवून पाहिली, ठीक आहे.

बाईंनाही वाटलं, असेल बुवा. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. दोन दिवस त्यांनी शिकवण्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी एका बँकेतल्या बाईंना उलटी गाडी लावायला शिकवत असताना मोकळ्या मैदानात ते पुन्हा दगड झालं. मैदान होतं म्हणून बरं. बाईंनी शिकवणी तिथेच थांबवली आणि पुढच्या सगळ्यांना फोन करून नाही म्हणून कळवलं.

या वेळी त्यांना काउंटरवरून आत, मॅनेजरच्या काचेच्या खोलीत पाठवण्यात आलं. मॅनेजर चाळिशीचे, बोलायला गोड, समोरच्याचं बोलणं अर्धं ऐकून मान डोलवायची सवय असलेले.

"मॅडम, मी रेकॉर्ड बघितलं. गाडीत काही नाही. आणि मोकळेपणाने सांगू का? तुमच्या गाडीत जास्तीचे पेडल बसवलेत. बाहेरचं काम केलं की वॉरंटी राहत नाही."

"बाहेरचं?" बाईंनी पिशवीतून गाडीचं पुस्तक काढलं, पान उघडून टेबलावर सरकवलं. "हा शिक्का कुणाचा? तुमच्याच वर्कशॉपमध्ये बसवलेत. गाडी घेतली त्याच आठवड्यात."

मॅनेजरांनी शिक्का पाहिला. पुस्तक मिटून परत दिलं. "ठीक आहे. पण शिकवणीची गाडी म्हणजे रोज नवखे हात. स्टिअरिंग कसंही ओढतात, कोपऱ्यापर्यंत पिळून धरतात. ती झीज झाली. झिजेला वॉरंटी नसते."

"शिकवणीची गाडी म्हणूनच तर विकलीत तुम्ही मला. तेव्हा हसत हसत फोटो काढलात."

"तेव्हा मी इथे नव्हतो."

"शिक्का होता ना?"

मॅनेजर हसले, पण डोळे हसले नाहीत. "मॅडम, मी नाही म्हणतच नाही. तुम्ही दोष दाखवा, मी आज क्लेम टाकतो. पण जो दोष कुणाला दिसत नाही, कंप्युटरला दिसत नाही, तो फक्त तुमच्या विद्यार्थ्यांनाच कसा दिसतो? तुम्हीच विचार करा."

ते गोड शब्दांत तेच म्हणत होते जे बाई शिवणताईंना ओरडून बोलल्या होत्या. हातांत जीव नाही. बाईंचे कान तापले. त्यांना बोलायचं होतं खूप, पण तोंडातून एवढंच निघालं, "दाखवते."

घरी आल्यावर त्या धुसफुसत स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिल्या. काका टेबलापाशी बसून ऐकत होते. नजर गेल्यापासून ते भांड्यांच्या आवाजावरून बायकोचा मूड ओळखत.

"विकून टाकू या," ते म्हणाले. "कटकट मिटेल."

"आणि घेणाऱ्याच्या हातात ते स्टिअरिंग देऊ? त्याच्या गाडीत पोरंबाळं बसतील की नाही?"

"बरं, नको विकू. चिडू नकोस. केव्हा होतं ते?"

"सांगितलं ना, मधेच."

"मधेच म्हणजे काय? बसमध्येसुद्धा काही मधेच होत नाही. त्याला वेळ असते, कारण असतं. पहिल्यांदा झालं तेव्हा त्याआधी काय करत होतीस?"

बाई थबकल्या. शिवणताईंचा तो सलग दुसरा तास होता. आधी तासभर त्या गाडी उलटी लावणं शिकत होत्या. आणि बँकेतल्या बाईही. दोन्ही वेळा गाडी हळू चालत होती आणि स्टिअरिंग सारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतं.

"अहो, हे शोरूमवाले गाडी कशी बघतात? हमरस्त्यावरून दहा मिनिटं सरळ चालवून आणतात."

"मग त्यांना कुठून सापडणार?" काका म्हणाले. "उठ. मला घेऊन चल."

मालाच्या गोदामांमागे एक रिकामं आवार होतं. बाईंनी डिकीतले चार प्लास्टिकचे शंकू मांडले आणि नवख्या विद्यार्थिनीसारखी गाडी चालवायला लागल्या. पुढे, मागे, आठचा आकडा, उलटी गाडी दोन शंकूंच्या मध्ये. काका शेजारी बसले होते, एक तळहात डॅशबोर्डखाली टेकवून, मान कलती करून. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. घामाने बाईंची पाठ भिजली.

"स्टिअरिंगच्या मोटरचा सूर चढतोय," काका म्हणाले. "आधी गुणगुणत होती, आता किंचाळतेय."

"मला नाही ऐकू येत."

"तुला रस्ता बघायचाय. मला दुसरं काम काय?"

सेहेचाळिसाव्या मिनिटाला काकांनी हात उचलला. "गेली." आणि त्याच क्षणी बाईंच्या हातातलं स्टिअरिंग जड झालं. डॅशबोर्डवर एक दिवा लागला नाही, एक आवाज आला नाही. त्यांनी गाडी बंद केली, दोघं उतरून भिंतीच्या सावलीत उभी राहिली. बारा मिनिटांनी गाडी चालू केली तर स्टिअरिंग पुन्हा लोण्यासारखं.

बाईंना रडू यायचंच बाकी होतं. गाडी टो करून शोरूमपर्यंत नेली तरी ती वाटेत बरी होणार. दोष दाखवायचा एकच रस्ता होता. तो माणूस तिथे, त्या वेळी, गाडीत बसलेला हवा.

मध्ये आठवडा गेला. मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत, मॅनेजर बाहेरगावी आहेत, मॅनेजर तुम्हाला फोन करतील. बाई रोज फोन करत होत्या आणि काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईचा आवाज रोज थोडा ओशाळत होता. शेवटी एका गुरुवारी ती दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आज दुपारी तीनला साहेब नक्की आहेत. मी सांगितलं म्हणून सांगू नका." वॉरंटी शनिवारी संपत होती.

तीनला बाई काचेच्या खोलीत शिरल्या तेव्हा मॅनेजर फोनवर होते. बाई बसल्या नाहीत. फोन संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

"दोष कळलाय मला," त्या म्हणाल्या. "हळू चालवून पाऊण तास स्टिअरिंग फिरवत राहिलं की मोटर सोडून देते. थंड झाली की पुन्हा धरते. तुम्ही माझ्याबरोबर गाडीत बसा."

"पाऊण तास? मॅडम, माझ्याकडे दहा मिनिटं नाहीत. फोरमन बसतील तुमच्याबरोबर."

"फोरमन सांगतील आणि तुम्ही म्हणाल, मी बघितलं नाही. सही तुमची असते. तुम्हीच बसा."

"असं हट्टाने होत नाही काही."

"तुम्ही म्हणालात दाखवा. मी दाखवायला आलेय." बाईंचा आवाज वर चढला नव्हता, पण दार उघडं होतं आणि बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या होत्या. एका गृहस्थांनी हातातली कॉफी खाली ठेवली. "शनिवारनंतर तुम्ही तारीख दाखवाल. म्हणून मी इथेच थांबते. सोमवारपर्यंत थांबायला लागलं तरी हरकत नाही, डबा आणलाय."

मॅनेजरांनी बाहेरच्या माना पाहिल्या. घड्याळ पाहिलं. मग कोट खुर्चीला अडकवून उठले.

वर्कशॉपमागच्या आवारात बाईंनी शंकू मांडले. मॅनेजर शेजारच्या सीटकडे वळले तशी बाईंनी ते दार स्वतः उघडलं. "ही जागा माझी. तुम्ही चालवा."

"मी?"

"स्टिअरिंग तुमच्या हातात असायला हवं. नाहीतर म्हणाल, मीच मुद्दाम धरून ठेवलं."

मॅनेजरांनी गाडी चालू केली. बाईंनी सोळा वर्षांच्या सवयीने सूचना द्यायला सुरुवात केली. पूर्ण फिरवा. आता उलट. आरसा बघा. मागे घ्या, हळू. पुन्हा. वर्कशॉपच्या दारात फोरमन हात पुसत येऊन उभे राहिले, नखांत काळं ग्रीस बसलेले, पिकल्या मिशांचे. थोडं बघून आत गेले.

पंधरा मिनिटं झाली. काही नाही. पंचवीस. मॅनेजरांचा फोन वाजत राहिला. पस्तीस मिनिटं झाली, स्टिअरिंग मऊच. दुपारी वारा सुटला होता, आवारात सावली होती. त्या दिवशी गोदामामागे ऊन होतं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. गार हवेत मोटर तापलीच नाही तर? बेचाळीस. सेहेचाळीस. पन्नास. त्यांनी कान देऊन मोटरचा सूर ऐकायचा प्रयत्न केला, पण त्यांना काकांचे कान नव्हते.

"बास झालं, मॅडम," मॅनेजर म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला गोडवा संपला होता. "तासभर मी शंकूंभोवती फिरतोय. माझ्या स्टाफसमोर. गाडी उत्तम आहे. हा विषय संपला."

"अजून पाच मिनिटं."

"एक मिनिट नाही. मी गाडी पुढे लावतो आणि तुम्ही ती घरी न्या."

त्यांनी रागाने गाडी शंकूंमधून बाहेर काढली आणि इमारतीच्या कडेने पुढच्या बाजूकडे नेली. आवारात चालवावी त्यापेक्षा वेग जास्त होता. "हळू," बाई म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. कोपऱ्यापलीकडे गाड्या धुवायची जागा होती. तिथे रबरी बूट घातलेली एक बाई पाठमोरी उभी राहून एका गाडीवर पाण्याचा फवारा मारत होती. पाण्याच्या आवाजात तिला मागून काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

मॅनेजरांनी कोपऱ्यावर स्टिअरिंग फिरवलं. ते फिरलं नाही.

"अरे—" त्यांनी झटका दिला. "हे काय? हे वळत नाहीये! अहो, वळत नाहीये!"

गेल्या आठवड्यात भांडी घासताना बाईंनी या क्षणाची पुष्कळ स्वप्नं रंगवली होती. पाय जरा उशिरा टाकायचा. जरासाच. या माणसाच्या काळजाचा ठोका चुकू द्यायचा. पण क्षण आला तेव्हा बाईंना ते आठवायलाही वेळ मिळाला नाही, पाय केव्हाच खाली गेला होता. टायर ओल्या फरशीवर घसरले, कर्रर्र आवाज झाला, आणि गाडी थांबली. पाठमोऱ्या बाईने दचकून वळून पाहिलं. बंपर तिच्या गुडघ्यांपासून दोन पावलांवर होता. फवारा तिच्या हातून सुटला आणि जमिनीवर सापासारखा वळवळत काचेवर पाणी उडवत राहिला.

मॅनेजरांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. बोटं पांढरी.

बाईंना त्यांचा राग आला नाही, हे त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांना फुटपाथवर उभ्या शिवणताई दिसत होत्या.

"गाडी बंद करू नका," त्या म्हणाल्या. "बंद केली की बरी होईल. फोरमनना बोलवा."

फोरमन हातात कंप्युटर घेऊन धावतच आले. वायर जोडली, खाली वाकून आकडे वाचले, मग खिडकीतून हात घालून स्टिअरिंगला झटका देऊन पाहिला. "मोटर तापून बंद पडलीय," ते म्हणाले. "जास्त तापली की ताकद थोडी कमी करावी, असं असतं. ही एकदम हात काढून घेते. आणि कंप्युटर याला दोष म्हणून लिहून ठेवत नाही, म्हणून नंतर काही सापडत नाही." मग ते मॅनेजरांकडे न बघता म्हणाले, "साहेब, याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्यांची हीच तक्रार होती. मी मार्चमध्ये वर कळवलं होतं."

"ते नंतर बोलू," मॅनेजर म्हणाले. ते खाली उतरले, धुणाऱ्या बाईपाशी गेले, तिला काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. तिचे दात वाजत होते, पाण्याने किंवा भीतीने. मॅनेजरांनी फवारा उचलून पाणी बंद केलं.

क्लेम त्याच संध्याकाळी गेला. नवीन स्टिअरिंग युनिट मागवलं, वॉरंटीत. इथे कुणीही आभार मानून घरी गेलं असतं. बाई काउंटरपाशी उभ्याच राहिल्या.

"आता काय, मॅडम?" मॅनेजरांनी दमून विचारलं.

"लिहून द्या. दोष गाडीचा होता, चालवणाऱ्याचा नव्हता."

"असं कंपनी लिहून देत नाही. काम करून देतोय ना आम्ही?"

"माझ्या एका विद्यार्थिनीला वाटतं की तिच्या हातांनी माणसं मारली असती. नवीन युनिट बसवून ते जात नाही."

"मॅडम, उद्या तोच कागद घेऊन कुणी कोर्टात गेलं तर?"

बाई काउंटरपासून हलल्या नाहीत. मग फोरमननी काउंटरवरून जॉब कार्ड ओढलं, कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि चष्मेवाल्या बाईकडून पेन मागून घेतलं. ठळक, शाळकरी अक्षरात त्यांनी लिहिलं : गाडी चालू असताना स्टिअरिंगची मोटर बंद पडते. समक्ष पाहिले. चालवणाऱ्याची चूक नाही. खाली सही केली आणि कार्ड मॅनेजरांसमोर सरकवलं.

"माझी निवृत्ती चार महिन्यांवर आहे," ते म्हणाले. "काय करायचं ते करा."

मॅनेजरांनी कार्ड वाचलं. ते बराच वेळ वाचत राहिले, एवढं त्यात वाचण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी सही केली. माफी मागितली नाही, पण कार्ड देताना बाईंच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

शिवणताईंच्या दुकानात बाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. कार्ड मशीनवर ठेवलं. शिवणताईंनी चष्मा चढवून ते दोनदा वाचलं.

"म्हणजे खरंच माझे हात..."

"तुमचे हात ठीक होते. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. सोळा वर्षांत कुणा विद्यार्थिनीची माफी मागितली नाही मी, त्यामुळे कशी मागतात ते मला नीट येत नाही."

शिवणताईंनी कार्डाची घडी घातली. "हे मी ठेवते. आमच्या मोठ्या दिरांना दाखवायचंय. ते रोज जेवताना बसथांब्याचा विषय काढतात." मग त्या जरा घुटमळल्या. "बाई, मी शिकेन. पण त्या गाडीत नाही. नवीन काहीही बसवा, त्या सीटवर बसले की मला तो बाक दिसेल."

बाईंना ते लागलं. पण त्यांनी वाद घातला नाही. चौकाच्या पलीकडे दुसरी एक शिकवणी होती. तिथल्या मास्तरांशी बाई नऊ वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या, कारण त्यांनी एकदा बाईंच्या विद्यार्थिनी फोडल्या होत्या. त्यांच्या दारात बाई स्वतः गेल्या, नाक मुठीत धरून, आणि म्हणाल्या, "एक विद्यार्थिनी पाठवतेय. तिच्यावर ओरडलात तर माझ्याशी गाठ आहे."

पुढच्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. त्या मॉडेलच्या सगळ्या मालकांना, बाईंनाही. आमच्या काटेकोर तपासणीत असं निदर्शनास आलं आहे, अशी सुरुवात होती. स्टिअरिंगचा भाग सगळ्यांना मोफत बदलून मिळणार होता. काकांनी ते पत्र तीनदा वाचून घेतलं आणि तिन्ही वेळा 'काटेकोर' या शब्दाला पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. अशा किती गाड्या असतील आणि त्या आज कुठल्या वळणावर असतील, हा हिशोब त्यांच्या डोक्यात चालू होता.

शिवणताई पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्या परीक्षेत पास. एका रविवारी सकाळी त्या धाकट्या भावाची गाडी घेऊन बाईंच्या घराखाली आल्या आणि हॉर्न वाजवला. बाई बाल्कनीत आल्या. खाली शिवणताई दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावत होत्या, जीभ दातांत धरून, एकट्या.

"कशी लावतेय?" आतून काकांनी विचारलं.

"मागचं चाक फुटपाथवर चढवलंन. मास्तरने आरसा बघायला शिकवलेलाच नाही," बाई म्हणाल्या आणि चपला पायात अडकवून जिना उतरायला लागल्या.